निरवानिरव

भडोचच्या प्रधानांचे पुत्र हरिपाळदेव रामटेकयात्रेच्या निमित्ताने निघाले, तेव्हा त्यांच्यासवे मोठा परिवार होता. वाटेत तो क्रमाक्रमाने मागे राहिला आणि ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी ते एकटेच आले. सर्वज्ञ श्रीचक्रधरप्रभूंच्या या चरित्रातून भिक्षूंस सर्वत्यागाचा बोध होतो. तथापि गृहस्थ वासनिकानेही त्यातील क्रम ध्यानी घ्यावा.

उतारवयातील वासनिकाच्या घरी माळ्यावर तांब्यापितळेची भांडी असतात, संदुकीत लुगडी, फडताळात जुने कागद. ही आसक्ती डोळ्यांना दिसते, म्हणून ती सोडणे त्या मानाने सोपे. खरी अडचण देवपूजेची. अमुक विशेष कोणत्या स्थानाचा, कोणत्या महंतांच्या हातून आला, हे पुष्कळदा एकट्या वडिलांसच ठाऊक असते. सकळ लिपीतील पोथी घरात दुसऱ्या कोणास वाचता येत नाही. पुढे वडिलांचा देह पडतो, घर आवरताना तो विशेष सुनेच्या हाती लागतो आणि तिला तो नुसता दगड वाटतो. यात तिचा काय दोष? ज्याने जपले, पण सांगितले नाही, त्याच्याकडेच तो जातो.

प्रभूंच्या लीळा श्रीनागदेवाचार्यांच्या स्मरणात होत्या. म्हाइंभटांनी विचारल्या, आचार्यांनी सांगितल्या, म्हणून लीळाचरित्र आज आपल्या हाती आहे. आपल्या घरी म्हाइंभट विचारावयास येईलच असे नाही. सांगणाऱ्यानेच आधी बोलावे.

न सांगितलेल्या वस्तूंवरून भावाभावांत वाद उभे राहतात, आणि वाद किती लांबतो हे वाशीम जिल्ह्यातील शिरपूर जैन येथे राहणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. तेथील अंतरिक्ष पार्श्वनाथांचे देवालय दोन पंथांतील हक्काच्या वादामुळे १९८१ पासून २०२३ पर्यंत कुलूपबंद होते. कोणाची बाजू खरी, हा आपला विषय नव्हे. परंतु भूमीस न टेकणारी म्हणून जिची ख्याती, त्या मूर्तीच्या द्वारीही कुलूप पडते, तर चार भावांच्या संदुकीची काय कथा!

यास्तव हातपाय चालत आहेत तोवर पोथी स्वतः मठात नेऊन द्यावी. विशेष ज्यास द्यावयाचा त्यास समोर बसवून स्थानाचे नाव सांगावे, त्याच्याकडून ते म्हणवून घ्यावे. लुगडी लेकीसुनांस नेसण्याजोगी आहेत तोच वाटावीत. शेताचे कागद काढावेत, तेव्हा मुलींनाही बोलावून घ्यावे.