जवाच्या भाकरी, मिलोच्या भाकरी



आजच्या शुभवर्तमानातील मुलाजवळ पाच भाकरी आणि दोन मासे आहेत. भाकरी जवाच्या होत्या हे फक्त संत योहान सांगतो. जव म्हणजे गरिबाचे धान्य.

आपल्यातील वयस्कांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल. नगर, बीडकडची कितीतरी कुटुंबे तेव्हा मुंबईला आली. गावी राहिलेले खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेले. १९७३ च्या मे महिन्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. तिथे सुकडी मिळे आणि रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो. आपल्या धर्मग्रामातील एक आजी म्हणाल्या, "फादर, मिलोनं जगवलं, पण पुन्हा नको ती भाकरी!" हसल्या आणि मग गप्प झाल्या.

आयर्लंडमध्ये १८४५ साली बटाट्यावर रोग पडला. गरिबाचे सारे जेवण बटाट्यावरच होते. पुढील काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली, जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून धान्य आणि गुरे इंग्लंडला जात होती! अन्न होते, ते घ्यायला गरिबाच्या हाती पैसा नव्हता. (सेमिनरीत 'कारण' या शब्दावर आम्ही वह्या भरल्या, हे साधे कारण तेव्हा सुचले नाही.) महाराष्ट्राने तो पैसा कामाच्या रूपाने हाती दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीसाठी १९७५ साली नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. तुमच्या पगारातून कापला जातो तोच. त्याबद्दलची कुरकुर आम्ही पुष्कळ ऐकतो.

पण आमचेही ऐका. गेल्या उन्हाळ्यात मराठवाड्यातून आलेली काही नाका-कामगार कुटुंबे आपल्या आवारातील नळावर पाणी भरत. तक्रारी आल्या. इतक्यांना कसे पुरणार, हा अंद्रियाचाच प्रश्न आम्ही सभेत विचारला आणि नळाला कुलूप लावले. मिलोच्या आजी नंतर भेटायला आल्या. "आम्हीपण असेच आलो होतो, फादर. इथल्या एका कोळणीनं पाणी दिलं, वर वाटीभर कालवण दिलं. कुठले, कोण, काही विचारलं नाही."

काल संध्याकाळी कुलूप काढले आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी मिस्सानंतर आम्हांला नळापाशी भेटावे.

तुमचे धर्मगुरू