मागितली सक्ती, मिळाले खाते

मार्च १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलात एक ठराव मांडला. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पहिले पाऊल टाकावे आणि त्याची योजना आखायला सरकारी-बिनसरकारी सभासदांचे एक मंडळ नेमावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शंभरातल्या जेमतेम सहा माणसांना लिहिता-वाचता येत होते, असा तो काळ. भाषणाच्या ओघात त्यांनी आणखी एक गोष्ट सुचवली. हिंदुस्थान सरकारात शिक्षणाचा कारभार गृहखात्याकडे होता, म्हणजे पोलीस आणि तुरुंग पाहणाऱ्याच कचेरीकडे. तेथे शिक्षणासाठी वेगळा सचिव असावा. विचार करू, असे आश्वासन सरकारने दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने स्वतंत्र शिक्षण खाते उघडले आणि सर हार्कोर्ट बटलर त्याचे पहिले मुख्य झाले. मागण्यांपैकी जी सर्वांत कमी खर्चाची होती, ती मान्य झाली होती. पुढच्या शंभर वर्षांचा नमुना मला इथेच दिसतो.

खाते ही कल्पना मात्र त्याहून जुनी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक प्रांतात शिक्षणासाठी खाते असावे असे ठरवले, आणि मुंबई इलाख्यातल्या जुन्या बोर्ड ऑफ एज्युकेशनची जागा डायरेक्टरच्या हाताखालच्या खात्याने घेतली. आपल्याकडे त्याला विद्याखाते म्हणत. शाळा तपासायच्या, परीक्षा घ्यायच्या, क्रमिक पुस्तके छापायची, खाजगी शाळांना अनुदान द्यायचे ही त्याची कामे. प्रत्येक मूल शाळेत आलेच पाहिजे, ही जबाबदारी त्यात कुठेच नव्हती. इन्स्पेक्टर आलेल्या मुलांची परीक्षा घेई. न आलेल्यांचा हिशेब कोणी मागत नसे.

तो हिशेब प्रथम मागितला जोतीराव फुल्यांनी. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सरळ पैशावर बोट ठेवले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हा त्यांचा आक्षेप. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही त्याच निवेदनात आहे. खाते कोणाचे, प्रांताचे की देशाचे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. खाते कोणासाठी, हे त्यांनी विचारले, आणि माझ्या मते मूळ प्रश्न तोच होता. कमिशनने प्राथमिक शाळा नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या गळ्यात बांधल्या. त्यांच्याकडे पैसा कितीसा असणार?

देशपातळीवरचा शिक्षणाधिकारी आला व्हाइसरॉय कर्झनच्या हट्टातून. १९०१ मध्ये त्याने सिमल्याला शिक्षण परिषद भरवली, पुढच्या वर्षी डायरेक्टर जनरल नेमला, आणि १९०४ मध्ये विद्यापीठांचा कायदा करून सिनेटांवर सरकारची पकड आवळली. त्या कायद्याला कौन्सिलात कडाडून विरोध करणारे गोखलेच होते. म्हणजे १९०४ मध्ये केंद्राची पकड नको म्हणणारा माणूस १९१० मध्ये केंद्रात शिक्षणाचा सचिव मागत होता. गोखल्यांच्या टीकाकारांनी याला विसंगती म्हटले असते तरी वरवर पाहता ते फार चुकले असे म्हणवत नाही. तरीही त्यात विसंगती नाही. कॉलेजात काय शिकवावे, सिनेटवर कोण बसावे यात सरकारने नाक खुपसू नये. पण गावच्या शाळेचा खर्च उचलावा आणि मूल शाळेत येईल हे पाहावे, अशी ती भूमिका. अधिकार थोडा आणि भार मोठा असे सरकार त्यांना हवे होते. कर्झनला नेमके याच्या उलट हवे होते, आणि त्याच्यानंतर जवळजवळ प्रत्येक केंद्र सरकारलाही.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी विधेयकच आणले. आज ते वाचताना ते किती सावध आहे याचे आश्चर्य वाटते. सक्ती सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरती. मुलींचे पुढे पाहायचे. मुलग्यांवरची सक्तीही जेथे ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात आहेत अशाच गावांत, स्थानिक संस्थेची इच्छा असेल तर, आणि प्रांतिक सरकारने परवानगी दिली तर. महिना दहा रुपयांहून कमी मिळकतीच्या पालकाला फी माफ. लागल्यास स्थानिक संस्थेने शिक्षणपट्टी बसवावी. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने सोसावा आणि दोन तृतीयांश सरकारने, हे त्यांचे गणित. सगळा वाद या दोन तृतीयांशाचा होता. जिनांनी आणि मालवीयांनी पाठिंबा दिला. जमीनदारांना मजूर हातचा जाईल अशी भीती होती. विरोधाची धुरा वाहिली ती शिक्षण खात्याच्या मुख्याने, बटलरनीच. लोकांकडून मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, वेळ आलेली नाही, असे त्यांचे म्हणणे. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. ज्या खात्याच्या जन्माला गोखल्यांचे भाषण कारण झाले, त्याच खात्याने त्यांचे विधेयक पाडले.

वेळ आलेली नव्हती म्हणावे, तर सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्ती सुरू केली होती आणि १९०६ पर्यंत साऱ्या बडोदा संस्थानात नेली होती. विधेयक पडल्यावर १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचा हुकूम काढला. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने मुंबई प्रांतातल्या नगरपालिकांसाठी कायदा झाला. साम्राज्याला न परवडणारी गोष्ट संस्थानांना परवडली.

पुढची पंचवीस वर्षे चटकन सांगता येतात. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण प्रांतांतल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे ‘सोपीव’ खाते म्हणून दिले आणि तिजोरी ‘राखीव’ ठेवली. मुंबईत रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. दिल्लीतले स्वतंत्र खाते काटकसरीच्या नावाखाली १९२३ मध्ये आरोग्य आणि जमिनीच्या कामात विरघळले. शिक्षणाचे केंद्रीय सल्लागार मंडळही तेव्हाच बंद पडले, ते १९३५ मध्ये पुन्हा उभे राहिले. १९४४ च्या सार्जंट योजनेने इंग्लंडची बरोबरी करायला चाळीस वर्षांची मुदत मागितली. १९४५ मध्ये खाते पुन्हा वेगळे झाले.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद पहिले शिक्षणमंत्री झाले, ते १९५८ मध्ये मृत्यूपर्यंत. घटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे वचन दिले. पण हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत, आणि शिक्षणाचा विषय राज्यांच्या सूचीत. केंद्राने आपल्याकडे ठेवली ती उच्च शिक्षणाची दर्जानिश्चिती आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था. विद्यापीठ अनुदान आयोग, आयआयटी हे सारे त्यातून आले आणि ते चांगलेच झाले. फुल्यांचा आक्षेप मात्र तसाच राहिला. दहा वर्षे १९६० मध्ये सरली.

कोठारी आयोगात हा प्रश्न पुन्हा निघाला. या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. शिक्षण समवर्ती सूचीत घ्यावे का, याची चर्चा झाली आणि दोन सदस्यांचे मत वेगळे असूनही आयोगाने नको असे सांगितले. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत ही शिफारस त्याच अहवालाची. अहवालानंतर दहा वर्षांनी, आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने शिक्षण समवर्ती झाले. अधिकार मिळवायला एक दुरुस्ती पुरली. सहा टक्के आजवर मिळालेले नाहीत, आणि २०२० च्या धोरणात तोच आकडा पुन्हा उद्दिष्ट म्हणून छापला आहे.

१९८५ मध्ये खात्याचे नाव मनुष्यबळ विकास झाले, २०२० मध्ये पुन्हा शिक्षण मंत्रालय. पाट्या बदलायला आपले सरकार कधी कंटाळलेले नाही. खरा बदल या दोन पाट्यांच्या मधे झाला. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क ठरले. २००४ मध्ये केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसला, म्हणजे गोखल्यांची शिक्षणपट्टीच, फक्त गावाऐवजी दिल्लीने वसूल केलेली. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. गोखल्यांच्या ठरावाला तेव्हा शंभर वर्षे आणि काही दिवस झाले होते. या कायद्यात निधीची जबाबदारी केंद्र आणि राज्ये दोघांवर आहे, आणि आरंभी बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६५ टक्के होता, गोखल्यांच्या दोन तृतीयांशाच्या अगदी जवळ. पुढे तो ६० वर आला.

राज्यांच्या हाती सारे सोपवा, दिल्लीत खातेच नको, असे म्हणणारे आज आहेत. मला ते पटत नाही. बिहारच्या मुलाचा खर्च एकट्या बिहारने पेलावा असे म्हणणे म्हणजे लोकल बोर्डांच्या गळ्यात शाळा बांधण्याचाच प्रकार. पण पैसा देताना त्याला दोरी बांधायची सवय खात्याने सोडलेली नाही. तमिळनाडूने केंद्राच्या पीएम श्री या आदर्श शाळांच्या योजनेच्या करारावर सही केली नाही, तेव्हा २०२४-२५ मध्ये शिक्षण हक्काचा पैसा ज्यातून येतो त्या समग्र शिक्षा योजनेतला केंद्राचा हिस्सा अडकला. त्या राज्याचा हट्ट बरोबर की चूक, हा वेगळा वाद. सहावीतल्या पोराच्या हक्काचा पैसा त्या वादात ओलीस ठेवायला नको होता. हक्क संसदेने दिला आहे. त्याचा खर्च खात्याने बिनअट द्यावा आणि अटी घालायच्याच असतील तर त्या आपल्या स्वतःच्या योजनांना घालाव्यात.