गच्चीवरची परिक्रमा

निफाड तालुक्यातल्या एका गावात दोन मित्र होते. नाना पतसंस्थेतून निवृत्त झालेले, अण्णा द्राक्षबागायतदार. दोघांनी पायी नर्मदा परिक्रमा करायचं ठरवलं. परिक्रमा कार्तिकी एकादशीनंतर उचलतात. पण बागेची छाटणी आणि फवारण्या मुलाच्या हाती नीट सोपवायच्या म्हणून अण्णांनी मार्गशीर्षापर्यंत मुदत मागून घेतली. म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावर निघायचं.

नर्मदा अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत १३१२ किलोमीटर वाहते. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचं, दुसऱ्या काठाने यायचं, मध्ये कुठेही पात्र ओलांडायचं नाही. चालणं २६०० किलोमीटरच्या घरात जातं. वाटेत आश्रमांत, देवळांत, गावकऱ्यांच्या पडवीत जागा मिळते, सदावर्त मिळतं, ‘नर्मदे हर’ म्हटलं की कोणीतरी चहा पुढे करतं. पण पडवीला एक बाजू उघडी असते, आणि नदीकाठची पहाट परिक्रमावासी आहे म्हणून कोणाची गय करत नाही.

गावात पायी परिक्रमा केलेल्या एक आजी होत्या. भाऊबीजेच्या संध्याकाळी दोघे त्यांच्या पाया पडायला गेले आणि काय काय न्यायचं ते विचारू लागले. आजींनी यादी सांगितलीच नाही. म्हणाल्या, “आजपासून गच्चीवर निजा. जे बरोबर न्यायचं तेच अंथरा, तेच पांघरा. आणि गावाबाहेर पाऊल टाकाल ते पाठीवर ओझं घेऊनच टाका.”

नानांनी नाशिकला जाऊन सगळं उत्तमातलं आणलं. मोठी सॅक, स्लीपिंग बॅग, पिसांचं जाकीट, घोट्यापर्यंतचे बूट. आणलं आणि देवघरात ठेवून दिलं. “मैयाच्या काठावर पोचल्यावरच उघडीन, घरी वापरून मळवायचं नाही,” असं ते म्हणत. यात आळस नव्हता, कंजूषपणाही नव्हता. नवं वस्त्र आधी देवापुढे ठेवून मग नेसणाऱ्या घरातला तो माणूस. त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवणार नाही. पण श्रद्धा आणि सराव यांत त्यांनी एकच निवडलं, आणि तशी निवड करायला कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णा पहिल्या रात्री दोन घोंगड्या पांघरून गच्चीवर निजले आणि मध्यरात्रीच कुडकुडत उठले. वरून ऊब होती, पण खालचा स्लॅब अंगातली उष्णता ओढून घेत होता. जिना उतरून खाली आले, कारभारणीने चुलीत दोन लाकडं सारली, आल्याचा चहा झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक घोंगडी कमी केली आणि पाठीखाली फोमची पातळ चटई घातली. ओझं हलकं झालं, झोपही लागली.

मग दवाचा प्रश्न आला. अंगावर प्लॅस्टिकचा कागद ओढला, तर सकाळी आतली घोंगडीच ओली. श्वासाची वाफ कागदाला आतून लागून खाली ठिबकली होती. पुढच्या रात्री तो कागद दोरीवर उंच बांधला, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी ठेवली. एकदा दिवसभर बागेत घाम गाळलेल्या बनियनवरच झोपले आणि हुडहुडी भरली. तेव्हापासून झोपण्यापुरता कोरडा जोड वेगळ्या पिशवीत, तो दिवसा अंगाला लावायचा नाही. कार्तिकी एकादशीच्या रात्री उपवासाच्या पोटी थंडी जास्तच बोचली. म्हणून निजण्याआधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ ठरून गेला.

आठवड्यातून दोनदा ते पाठीवर सॅक घेऊन नांदूर मधमेश्वराच्या वाटेने चालत. तिथे गोदावरी आणि कादवा मिळतात, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात. पहिल्या फेरीत सॅक खांद्यांना काचली. मग कळलं की वजन कमरेच्या पट्ट्यावर बसवायचं असतं, खांद्यांनी फक्त तोल धरायचा. बुटाने टाच सोलली, तेव्हा मोजे बदलले, नाडी बांधायची रीत बदलली. बारा किलोंनी सुरू झालेलं ओझं उतरत उतरत सातवर आलं. कुठली वस्तू रोज हाताला लागते आणि कुठली नुसती धीर देण्यापुरती वाहिली जाते, हे चालताना पाठच सांगत होती.

एका सकाळी नाना म्हणाले, “अण्णा, रोज तुझं काहीतरी चुकतंच. असं असेल तर वाटेवर कसं व्हायचं?”

अण्णांच्या मनाला ते लागलं. ते आजींकडे गेले, नानाही मागोमाग आले. आजी ज्वारी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, “चुकतंय ना? चुकू दे. इथे चुकलास तर चार पायऱ्या उतरून चूल पेटती आहे. तिथे चुकलास तर चूल किती कोसांवर, आणि ती कोणाची? माणसानं आपल्या चुका घराजवळ करून घ्याव्यात.” मग नानांकडे वळून म्हणाल्या, “तुझी पिशवी नवी आहे का जुनी, हे मैया बघत नाही रे. ती तुझ्या ओळखीची आहे का, तेवढं तू बघ.” नानांनी हात जोडले. सॅक मात्र देवघरातच राहिली.

मार्गशीर्षात दोघे ओंकारेश्वरला पोचले. संकल्प झाला, कढाईचा प्रसाद झाला, बाटलीत नर्मदाजल भरून घेतलं आणि दक्षिण काठाने पश्चिमेकडे चालू लागले. नानांच्या नव्या बुटांनी दुसऱ्याच दिवशी टाचा फोडल्या. तिसऱ्या रात्री मुक्काम देवळाच्या उघड्या मंडपात पडला. नानांच्या स्लीपिंग बॅगेवर पाच अंश लिहिलेलं होतं आणि त्यांचा त्या आकड्यावर पुरा भरवसा होता. पण अशा पिशव्यांवर अनेकदा जो आकडा ठळक छापलेला असतो, तितक्या थंडीत माणूस जेमतेम रात्र निभावून नेईल, एवढाच त्याचा अर्थ. सुखाची झोप त्याच्या बऱ्याच वरच्या तापमानाला लागते. ही गोष्ट दुकानातल्या लेबलावरून समजत नाही, एका रात्रीत समजते. त्यात पाठीखाली फरशी, अंगात घामाने भिजलेलं बनियन. पहाटेपर्यंत नानांचे दात वाजत होते.

अण्णा जागे झाले. त्यांनी नानांचं ओलं बनियन उतरवलं, आपला कोरडा जोड त्यांना घातला, आपली चटई त्यांच्या पाठीखाली सरकवली, गूळ-शेंगदाणे खायला दिले. स्वतः सॅकला टेकून बसून राहिले. गच्चीवर शिकलेली एकूण एक गोष्ट त्या घटकेला उपयोगी पडली, आणि ती दुसऱ्यासाठी पडली, याचं मला विशेष वाटतं. तयारी केलेल्या माणसाजवळ देण्याजोगं काहीतरी उरतं.

नानांना ताप भरला, टाचा चिघळल्या. पुढच्या गावातल्या आश्रमात पाच दिवस थांबावं लागलं. आश्रमातल्या माणसांनी मुलासारखं सांभाळलं, औषधपाणी केलं. त्या पाच दिवसांत अण्णांनी गच्चीचा विषय काढला नाही. नानांनीच काढला. सगळं सामान ओट्यावर मांडलं, एकेक वस्तू उघडली, वापरून पाहिली. बुटांत पाय घालून आश्रमाच्या अंगणात सकाळ-संध्याकाळ फेऱ्या घातल्या. बडवानीला पोचल्यावर पोस्टातून चार किलोंचं पार्सल घरी पाठवलं आणि बाजारातून एक जाड चटई घेतली.

बडवानीच्या पुढे शूलपाणीचे डोंगर लागतात. वस्त्या विरळ, चढउतार फार. तिकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी नाना म्हणाले, “अण्णा, आज मी आत निजत नाही. इथे अंगणात एक रात्र काढून बघतो.”

“काढ,” अण्णा म्हणाले. “मी आत चुलीपाशी आहे. लागलं तर हाक मार.”

रात्री नाना दोनदा उठले. एकदा चटई सारखी करायला, एकदा कानटोपी शोधायला. कानटोपी सॅकच्या तळाशी गेली होती. सकाळी त्यांनी ती वरच्या कप्प्यात ठेवली, नाड्या आवळल्या, आणि दोघे चढाला लागले.