एका ओळीला एक वादक

पाठ टेकून बसा. डोळे मिटले तरी चालेल, उघडे राहिले तरी हरकत नाही. श्वास मोजू नका. आत आलेला श्वास बाहेर पडण्याआधी किंचित थांबतो, तेवढं फक्त पाहा. त्या थांब्यात थोडं रेंगाळा.

फुंकून वाजवायच्या वाद्यांचा सूर याच थांब्यातून निघतो. संचालकाचा हात वर जातो तशा ओबोवाला, हॉर्नवाला, ट्युबावाला छाती भरून घेतात. संचालकही घेतो. हात खाली येतो आणि सगळे वाजू लागतात. त्याच्या एकट्याच्या श्वासाचा मात्र सूर होत नाही.

आता अशाच एका संचालकाला, फ्रेडरिक फेनेल यांना, मनात आणा. जन्म 1914 चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. गडी मूळचा ड्रमवाला, म्हणजे फुंकरीशी संबंध बेताचाच. रोचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात शिकले आणि तिथेच शिकवू लागले. त्या काळच्या मोठ्या बँडमध्ये एकच ओळ अनेक जण मिळून वाजवत. (आपल्या वरातीतही हाच हिशेब: आवाज वाढवायचा, तर माणसं वाढवा.) अशा घोळक्यात एखाद्याचा दम मध्येच तुटला तरी कुणाला कळत नाही, शेजारचा सांभाळून घेतो. यात कमीपणा नाही. तुमच्या कामात असा शेजारी कोण, ते आठवा. घाई नको.

फेनेल यांना हेपॅटायटिस झाला. इस्पितळात पडल्या पडल्या त्यांनी कोणती वाद्यं हवीत आणि किती, याचा आराखडा मांडला. त्यातून 1952 साली ईस्टमन विंड एन्सेम्बल हा फुंकवाद्यांचा ताफा उभा राहिला. शक्यतो एका ओळीला एकच वादक, हे त्याचं सूत्र. वाजवणारे सगळे विद्यार्थी. मला यात शिक्षकाची छाती दिसते. चुकलं तर लपायला जागा नाही अशा खुर्चीवर पोरांना बसवायचं, आणि स्वतः एकही सूर न वाजवता त्यांच्यावर विसंबायचं.

पण वाजवायचं काय? त्यांनी सुमारे 400 संगीतकारांना पत्रं धाडली. मानधन नाही, तुम्ही लिहा, आम्ही वाजवू, असा एकूण मामला. पहिल्या उत्तरांत पर्सी ग्रेंजर, व्हिन्सेंट पर्सिकेटी आणि राल्फ वॉन विल्यम्स होते. बिनपैशांच्या पत्राला ही माणसं उत्तर देतात, यावर मी अजून थबकतो.

आता संगीतकार गुस्ताव्ह हॉल्स्ट यांचा 1909 चा पहिला स्वीट, म्हणजे बँडसाठीची तीन भागांची रचना, ऐका. रेकॉर्डिंग नसेल तर कल्पनेनं. फेनेल यांनी तो पन्नाशीच्या दशकात ध्वनिमुद्रित केला आणि 1978 मध्ये क्लीव्हलँडला पुन्हा. सुरुवातीला फक्त ट्युबा आणि युफोनियम, खालच्या पट्टीत, आठ बारची साधी ओळ. बाकी सगळे वाद्य मांडीवर धरून बसलेले. हीच ओळ मग या वाद्याकडून त्या वाद्याकडे जाते, मध्ये उलटीही होते, तरी ओळखू येते. तिच्या मागे मागे जा.

पुन्हा सुरुवातीला या आणि युफोनियम काढून घ्या. चाल तीच आहे, पण तिचं अंग गेलं. हे नुसतं ऐकत राहा.

आता युफोनियमवाल्याला जागेवर बसवा. आपल्यामागे दुसरा कुणी नाही, हे त्याला ठाऊक आहे. वाजवू द्या त्याला. पुढे अजून दोन भाग आहेत, आणि शेवटचा तर खणखणीत मार्च आहे.