कफील, करार आणि उघडा दरवाजा

अल्लाहची स्तुती आणि त्याच्या अंतिम प्रेषितांवर दरूद व सलाम.



अहमदनगर (आता अहिल्यानगर) शहरातील मुकुंदनगर असो, श्रीरामपूर असो वा संगमनेर, आपल्या वस्त्यांत सौदी अरेबिया, कतर, कुवेत किंवा दुबईच्या कमाईवर चालणारी घरे आहेत. या घरांतील मुलाचा एखाद्या रात्री फोन येतो, ‘‘अब्बा, दुसरीकडे जास्त पगार मिळतोय. ही कंपनी सोडू का?’’ कधी प्रश्न अधिक बिकट असतो, ‘‘चार महिन्यांचा पगार नाही, पासपोर्ट मालकाकडे आहे. निघून जाऊ का?’’ आखाती देशांत कामगाराचा राहण्याचा परवाना त्याच्या मालकाशी, म्हणजे कफीलशी बांधलेला असतो. म्हणूनच नोकरी बदलण्याच्या साध्या प्रश्नाला तेथे कायद्याची आणि अब्रूची किनार लागते. आपल्यासाठी त्यात आणखी एक प्रश्न आहे. अल्लाहपुढे याचा जाब कसा द्यायचा?

कफालत म्हणजे जबाबदारी

‘कफालत’ हा शब्द कुरआनच्या भाषेतील आहे. आदरणीय मरयम यांच्या संगोपनाची जबाबदारी प्रेषित जकरिया (अ.) यांच्यावर सोपविली गेली, तेथे हाच धातू आला आहे (३:३७). अनाथाची कफालत करणारा स्वर्गात आपल्या निकट असेल, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोन बोटे दाखवून सांगितले (बुखारी). फिक्‌हमध्येही कफालत म्हणजे दुसऱ्याच्या दायित्वाची हमी घेणे. म्हणजे कफील हा ओझे उचलणारा असतो. जो कफील कामगाराचा पासपोर्ट कुलपात ठेवतो, मजुरी अडवतो आणि वर त्याच्या निघून जाण्यावरही पहारा बसवतो, त्याने या शब्दाचा अर्थच उलटा केला आहे. काम पुरे करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी स्वतः अल्लाह वादी म्हणून उभा राहील, हा इशारा बुखारीतील हदीसमध्ये आहे. तो मालक मुसलमान असो वा नसो, इशारा सौम्य होत नाही.

परदेशातील एक मजूर: प्रेषित मूसा (अ.)

प्रेषित मूसा (अ.) इजिप्तमधून निघून मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांच्याजवळ घर नव्हते, ओळख नव्हती. सूरह अल-कसस (२८:२५-२९) मध्ये त्यांच्या नोकरीच्या कराराचा वृत्तांत आहे. बलवान आणि विश्वासू माणूस हाच उत्तम कामगार, हा निकष वडिलांपुढे मांडते त्या घरची मुलगी. वडील मुदत स्पष्ट सांगतात. आठ वर्षे बंधनकारक, दहा पूर्ण केली तर ती मूसांच्या खुशीने. मालक हेही सांगतो की त्याला मूसांवर कष्टाचा बोजा टाकायचा नाही. मूसा (अ.) उत्तर देतात की दोहोंपैकी कोणतीही मुदत पूर्ण केल्यावर त्यांच्यावर जबरदस्ती होऊ नये, आणि या बोलण्यावर ते अल्लाहला साक्षी ठेवतात.

या करारात तीन गोष्टी आहेत: ठरलेली मुदत, मालकाने दिलेले सौजन्याचे वचन आणि मुदतीनंतर जाण्याचे स्वातंत्र्य. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार मूसांनी मोठी मुदत पूर्ण केली. त्यानंतर ते कुटुंबाला घेऊन निघाले. ज्या करारात जाण्याची वाटच ठेवलेली नाही, तो मदयनच्या करारासारखा नाही. आणि जो कामगार मुदतीच्या मध्यावर रातोरात नाहीसा होतो, तोही मूसांच्या वाटेवर नाही.

सोडायचे तर उघडपणे

ईमानधारकांनी करार पाळावेत, ही सूरह अल-माइदाच्या पहिल्याच आयतीतील आज्ञा आहे. व्हिसावर दुसऱ्या देशात प्रवेश करणे हाही एक करारच आहे. पूर्वीचे फकीह अशा प्रवाशाला मिळालेल्या अभयाला ‘अमान’ म्हणत आणि ते दोन्ही बाजूंना बांधील मानत.

मग समोरच्यानेच करार मोडला तर? सूरह अल-अन्फाल (८:५८) तहांबद्दल शिकवते की दगाफटक्याची भीती असेल तर करार त्यांच्यासमोर उघडपणे परत करावा, कारण अल्लाहला दगाबाज आवडत नाहीत. प्रसंग राजकीय असला तरी शिकवण आपल्यालाही लागू पडते. अन्याय सहन करीत बसा, असे ही आयत म्हणत नाही. निघा, पण समोरच्याला कळवून निघा, असे सांगते.

उस्मान बिन मजऊन (रजि.) यांचे उदाहरण पाहा. हबशाहून परतल्यावर ते मक्केत वलीद बिन मुगीराच्या आश्रयाने राहत होते. त्या काळी परक्याला वा दुर्बलाला अशा आश्रयदात्याशिवाय मक्केत सुरक्षित राहणे कठीण होते. आपले सोबती छळ सोसत असताना आपण एका अनेकेश्वरवाद्याच्या छत्राखाली निश्चिंत असावे, हे त्यांना रुचले नाही. ते पळून गेले नाहीत. ते वलीदकडे गेले आणि जो आश्रय चारचौघांत मिळाला होता, तो त्यांनी चारचौघांतच परत केला.

आज हा दरवाजा कोठे आहे?

कतरने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढून टाकली. तेथे दोन वर्षांपर्यंतच्या सेवेत एक महिन्याची आणि त्यापुढे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सौदी अरेबियात १४ मार्च २०२१ पासून खाजगी क्षेत्रातील कामगाराला ठरलेल्या अटींनुसार मालकाच्या संमतीविना बदली मागता येते. सलग तीन महिने पगार थकल्यास हा मार्ग आणखी मोकळा होतो. मात्र घरकामगार, घरगुती वाहनचालक, माळी आणि मेंढपाळ यांना त्या सुधारणेतून वगळण्यात आले होते. म्हणून आपला परवाना कोणत्या वर्गाचा आहे, हे जाण्यापूर्वीच पाहावे.

जो न कळवता निघून जातो, त्याच्यावर मालक ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद करू शकतो. मग अटक, हद्दपारी आणि पुन्हा प्रवेशबंदी यांची टांगती तलवार येते आणि थकलेली मजुरी मागण्याचे बळही जाते. याउलट करारपत्राची प्रत, पगाराच्या नोंदी आणि लेखी नोटीस जवळ असलेला कामगार श्रम कार्यालयात ताठ मानेने उभा राहतो. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा (२:२८२) येथे ढाल ठरते. भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल हीही तक्रारीची ठिकाणे आहेत. जिवाला वा अब्रूला धोका असेल, विशेषतः घरकाम करणाऱ्या भगिनींच्या बाबतीत, तर नोटिशीची वाट पाहू नये. आधी सुरक्षित ठिकाणी, दूतावासात पोहोचावे.

‘आझाद व्हिसा’चा मोह

काही एजंट ‘आझाद व्हिसा’ विकतात. कफील केवळ नाव देतो, काम दुसरीकडे करायचे आणि दरवर्षी त्याला रक्कम मोजायची. या व्यवहारात नसलेले काम असल्याचे कागदावर दाखवले जाते आणि नुसत्या नावाचे पैसे घेतले जातात. बहुसंख्य फकीहांनी हमीवर मोबदला घेणे नाजायज ठरविले आहे. एकमेकांची संपत्ती गैरमार्गाने खाण्याची मनाई (२:१८८) तर सर्वांना ठाऊक आहे. आपल्या कायद्यातही नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील कर याहून अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. दागिने मोडून त्याच्या कित्येक पट रक्कम देण्यापूर्वी आईवडिलांनी ‘ई-मायग्रेट’वर एजंटची नोंदणी तपासावी.

आपणही कोणाचे कफील आहोत

हा उपदेश केवळ अरब मालकांसाठी नाही. आपल्याच जिल्ह्यात ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत हंगामभर त्याच्याशी बांधला जातो. आपल्या बेकऱ्यांत, गॅरेजमध्ये आणि कारखान्यांत परप्रांतातून आलेली मुले काम करतात. त्यांचे आधारकार्ड आपल्या गल्ल्यात तर नाही ना? ‘जाशील म्हणून’ त्यांचा एक महिन्याचा पगार आपण अडवून तर ठेवलेला नाही ना? मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची शिकवण (इब्ने माजा) नगरमध्येही तितकीच लागू आहे. दम्माममधील कफीलविरुद्ध दुआ मागणाऱ्या हातांनी येथे कोणाचा हक्क दाबलेला नसावा.

आणि घरच्यांनो, मुलगा जादा पगाराची बातमी सांगेल तेव्हा आकडा विचारण्याआधी एवढे विचारा, ‘‘बेटा, मुदत पूर्ण झाली का? नोटीस दिलीस का? सांगून निघतो आहेस ना?’’ दोन महिने पैसे कमी आले तरी चालतील. भय आणि लपवाछपवीतून आलेल्या पैशांत बरकत शोधू नका.

हे अल्लाह, परदेशात राबणाऱ्या आमच्या मुलांचे रक्षण कर, त्यांना त्यांचा पुरा हक्क मिळवून दे, आणि आम्हा सर्वांना वचन पाळणारे व मजुराचा हक्क वेळेवर देणारे बनव. आमीन.