घोडा, मुलगी आणि पियानो

बी. कॉम.ला शिकलेल्या गोष्टींपैकी माझ्या एकच लक्षात राहिली आहे, ती म्हणजे घोडा. 1872 च्या करार कायद्यात, 17 व्या कलमाखाली, हा घोडा उदाहरणादाखल बांधून ठेवलेला आहे. 'अ'ला आपल्या घोड्यात खोट आहे हे ठाऊक असतं. तो घोडा लिलावात 'ब'ला विकतो आणि खोटीबद्दल अवाक्षर काढत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं हा गुन्हा नाही. बँकेत कारकुनी करणाऱ्याला हे तत्त्व फार धीर देतं.

आता वाशीच्या आमच्या दोन खोल्यांत घोडा कुठला असायला! पियानो मात्र होता. धोबीतलावच्या एका जुन्या घरातून मी तो जवळजवळ भंगाराच्या भावात आणला, तेव्हा त्याच्या पोटात उंदरांचा संसार होता. दोन वर्षं खपून तो दुरुस्त करून घेतला. नव्या तारा, हातोड्यांना नवं फेल्ट, वरून आरशासारखं पॉलिश. मग सौ.ने निकाल दिला, "अहो, या घरात आता एक तर हा उभा राहील, नाही तर पाहुणे बसतील." पियानो विकायला काढला.

खोट एकच होती. पियानोला दोनशेच्या वर तारा असतात आणि त्यांचा एकूण ताण पंधरा-वीस टनांच्या घरात जातो. या तारा ज्या खुंट्यांना गुंडाळतात, त्या खुंट्या एका लाकडी फळीत घट्ट बसवलेल्या असतात. आमच्या फळीला चीर होती. कारागिराने जाड खुंट्या ठोकून तात्पुरतं भागवलं होतं. "दिवाळीपर्यंत सूर धरेल, पुढे देवाची मर्जी," असं तो म्हणाला होता. खाडीकाठची दमट हवा बघता देवाची मर्जी काय असणार, ते मला ठाऊक होतं.

गिऱ्हाईक नेरूळहून आलं. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. गृहस्थांनी पट्ट्यांवरून बोट फिरवत विचारलं, "हस्तिदंती ना?"

"छे हो, प्लॅस्टिक!" मी ताबडतोब म्हणालो. इतकं खणखणीत खरं मी वर्षभरात बोललो नव्हतो. कारण साधं होतं. हस्तिदंताचा व्यापार वन्यजीव कायद्याने बंद आहे. इथे 'नरो वा कुंजरो वा' केलं असतं, तर त्या कुंजराने मला थेट कोर्टात नेऊन उभं केलं असतं. तुरुंगाच्या भीतीने बोललेलं खरं हे खरंच. पण त्याचं पुण्य जमा कुणाच्या खात्यात करायचं? माझ्या की सरकारच्या?

चिरेची गोष्ट निराळी. तिथे कायदा माझ्या बाजूला होता, म्हणजे गप्प बसण्याच्या. मी गप्प बसलोही. तेवढ्यात ती मुलगी स्टुलावर चढली, एका बोटाने एकच पट्टी दाबली आणि तो सूर विरेपर्यंत मान कलती करून ऐकत राहिली.

आणि मला कायद्यातलं पुढचं उदाहरण आठवलं. घोडा तोच, खोट तीच. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर मात्र सांगणं हे 'अ'चं कर्तव्य! म्हणजे परक्याशी गप्प बसलो तर व्यवहार, आणि पोटच्या पोरीशी गप्प बसलो तर फसवणूक. मग ही स्टुलावरची पोर परकी ठरवायची, ती कोणत्या कलमाखाली? दिवाळीनंतर सूर उतरेल, तेव्हा तिला वाटणार की आपलाच कान चुकतोय.

मी चीर सांगितली. नुसती सांगितली नाही, टॉर्च लावून दाखवली. गृहस्थ एकदम सावध झाले. "स्वतःहून एवढं सांगताय, म्हणजे न सांगितलेलं किती असेल!" असं म्हणत मुलीचा हात धरून जिना उतरले.

पुढचं गिऱ्हाईक येत्या रविवारी येतंय. एकटेच येणार म्हणाले. मी फोनवर म्हटलं, "एकटे कशाला? मुलाबाळांना घेऊनच या की!"