परवानगी आणि अमानत

वाचकहो, प्रारंभीच एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. पती-पत्नीने परस्परांना बाहेरचे संबंध ठेवण्याची उघड मुभा दिली असेल, तर त्यांच्यात विश्वासघात होऊ शकतो काय? तर्काने उत्तर 'नाही' असेच यावयास हवे. जेथे मनाईच नाही, तेथे उल्लंघन कसले? परंतु अनुभवाची साक्ष वेगळी आहे.

१९७२ साली अमेरिकेत नीना आणि जॉर्ज ओनील या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्याचे 'ओपन मॅरेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा मुख्य भर पती-पत्नीतील समानता व मोकळा संवाद यांवर होता. पण बाहेरच्या संबंधांविषयीची थोडी पानेच गाजली आणि 'मुक्त विवाह' या शब्दाला तोच अर्थ चिकटला. पुढे १९७७ साली स्वतः नीना ओनील यांनी दुसऱ्या पुस्तकात वैवाहिक निष्ठेचीच बाजू घेतली.

त्याही आधी, १९२९ साली पॅरिसमध्ये सार्त्र आणि सिमोन द बोव्हार या विचारवंतांनी असाच करार केला होता. त्यांनी विवाह केला नाही. इतरांशी संबंध ठेवण्यास दोघेही मोकळे, मात्र एकमेकांपासून काही लपवायचे नाही, अशी अट होती. अनेकांना तो प्रामाणिकपणाचा आदर्श वाटला. सार्त्र यांची पत्रे १९८३ मध्ये आणि बोव्हार यांची १९९० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली, तेव्हा दुसरी बाजू उघड झाली. ज्या तरुणींना त्यांनी जवळ केले, त्यांच्या खाजगी गोष्टी या दोघांच्या पत्रांतून फिरत होत्या आणि त्या तरुणींना मात्र त्याचा पत्ता नव्हता. त्यांपैकी एकीने आपली व्यथा १९९३ साली पुस्तकरूपाने मांडली. दोघांमधील सत्यासाठी तिसऱ्याचा विश्वास खर्ची पडला होता.

अशा व्यवस्था आधुनिक आहेत असेही नाही. इस्लामपूर्व अरबस्तानात विवाहाचे चार प्रकार रूढ होते, असे ह. आयशा (रजि.) यांचे कथन सहीह बुखारीत आहे. त्यांपैकी एकात उत्तम संततीच्या लोभाने पती स्वतःच पत्नीला दुसऱ्या पुरुषाकडे पाठवीत असे. तेथेही पतीची संमती होतीच. इस्लामने असले सर्व प्रकार रद्द करून आजचा निकाह तेवढा कायम ठेवला. संमती आवश्यक खरी, पण केवळ संमतीने प्रत्येक गोष्ट योग्य ठरत नाही.

मग विश्वासघात होतो तो कशाचा? कराराच्या कलमाचा नव्हे, तर अमानतीचा. सूरह निसाच्या एकविसाव्या आयतीत निकाहला दृढ वचन म्हटले आहे. एक जीव दुसऱ्याच्या हाती आपली अब्रू, आपले दुबळेपण आणि आपले रहस्य सोपवितो. ती ठेव मुभा दिल्याने परत केली जात नाही. म्हणूनच सर्व काही उघड असलेल्या नात्यातही माणूस दुखावतो.

येथे रहस्यांतील भेद ध्यानात घ्यावा. कुरआनने पती-पत्नीला एकमेकांचे वस्त्र म्हटले आहे. वस्त्र अंगाला जगापासून झाकते. ते अंगालाच फसवीत नाही. शय्येवरील गोष्टी बाहेर सांगणाऱ्याची गणना प्रेषितांनी (स.) अत्यंत वाईट माणसांत केली आहे. तौबा केलेले जुने पाप चव्हाट्यावर मांडण्यासही मनाई आहे. हे झाकणे म्हणजे सत्र. परंतु जे आज चालू आहे आणि ज्याने जोडीदाराचा हक्क मारला जातो, ते लपविणे म्हणजे खियानत.

हे वाचून कोणी समाधानाने म्हणेल की हा रोग पश्चिमेचा आहे. बंधूंनो, जरा थांबा. पहिल्या पत्नीला अंधारात ठेवून दूरच्या शहरात दुसरा निकाह करणारे आपल्यातही आहेत. विचारले तर उत्तर मिळते, "शरियतने परवानगी दिली आहे." मुक्त विवाहवालाही नेमके हेच म्हणतो: परवानगी आहे!

दोन साक्षीदार हजर असतील तर हनफी मताप्रमाणे असा निकाह वैध ठरतो, पहिल्या पत्नीची संमती ही त्याच्या वैधतेची अट नाही, हे खरेच. पण साक्षीदारांना गुप्ततेची ताकीद दिलेला निकाह इमाम मालिक (रह.) यांनी मान्य केलेला नाही. एक पुरुष आणि एक स्त्री एवढ्याच साक्षीने झालेला निकाह ह. उमर (रजि.) यांच्यापुढे आला, तेव्हा त्यांनी त्याला गुप्त निकाह ठरवून नाकारले, असे मुवत्तात नमूद आहे. शिवाय वैधता म्हणजे न्याय नव्हे. न्याय करता येणार नाही अशी भीती असेल तर एकच पत्नी करा, असा कुरआनचा आदेश आहे. जो एकीला कामाचे खोटे कारण सांगून दुसरीकडे जातो आणि दुसरीला जगापुढे पत्नी म्हणवत नाही, तो रात्रींची समान वाटणी कशी करणार? तो मरण पावला की जनाज्याच्या दिवशी दोन घरांची प्रथमच ओळख होते. अपत्ये असतील तर पत्नींचा मिळून वाटा एक अष्टमांश. त्यात भागीदार आहे हे पहिलीला तेव्हा कळते आणि दुसरीला तर आपण पत्नी होतो हेच सिद्ध करावे लागते. ज्या पित्याने मुलांना जगापासून लपविले, त्याच्या नावासाठी ती मुले दारोदार फिरतात.

प्रेषितांनी (स.) दिलेली पापाची ओळख सोपी आहे: जे मनाला टोचते आणि लोकांना कळू नये असे वाटते, ते पाप. वाचकहो, "मला हे करण्याची मुभा आहे काय?" एवढ्यावर थांबू नका. "ज्या व्यक्तीने स्वतःला माझ्या हाती सोपविले, तिच्या डोळ्यांदेखत मी हे करू शकेन काय?" हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुफ्ती देईल. दुसऱ्याचे उत्तर आपल्याला स्वतःलाच द्यावे लागेल, आज घरात आणि उद्या अल्लाहपुढे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानतीचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.